कॉन्ट्राचे कूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये, असे आपल्याकडे म्हणतात; परंतु गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात ज्या दोन शिपायांनी, एकाने निळी आणि दुसऱ्याने लाल विजार घालून, महाराष्ट्रातील असंख्य घरांतल्या टीव्हीच्या पडद्यावर डावीकडून उजवीकडे धावत अव्याहत गोळीबार केला, त्यांना ऋषी म्हणण्याचा प्रसंग कोणावरही येणार नसल्यामुळे, त्यांच्या कुळाची चौकशी करण्यास कोणाची हरकत असू नये. ‘कॉन्ट्रा’ हा तो खेळ. त्याचे वीर कोणाचे कोण, या प्रश्नाचे जे उत्तर सर्वत्र ग्राह्य धरले जाते ते अपुरे आहे, आणि खरे उत्तर १९८६ सालच्या एका चित्रपटाच्या नामावळीत दडलेले आहे, असे माझे प्रतिपादन आहे.

सर्वश्रुत इतिहास एका दमात सांगून टाकतो. जपानमधील कोनामी कंपनीने हा खेळ फेब्रुवारी १९८७ मध्ये नाणे टाकून चालणाऱ्या यंत्रासाठी काढला. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९८८ मध्ये, तो निन्टेन्डोच्या घरगुती यंत्रावर आला. तेथून तैवानी नकलांच्या पोटात शिरून, ‘सामुराई’, ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ अशा नानाविध नावांच्या खोक्यांतून, तो ‘टीव्ही गेम’ या एकाच सुटसुटीत नावाने आमच्या घरांत दाखल झाला. वर-वर-खाली-खाली या मंत्राने मिळणाऱ्या तीस जीवांची कथा ज्याला ठाऊक नाही असा त्या पिढीचा मनुष्य विरळाच. सबब तिचा विस्तार करीत नाही.

या प्रवासात एक गोष्ट मात्र वाटेतच गळाली, आणि ती म्हणजे वीरांची नावे. अस्सल खेळाबरोबर छापील पुस्तिका असे. आमच्याकडे आलेली कॅसेट ही बिनापुस्तिकेची, बहुधा ‘९९९ इन १’ अशी थाप कपाळावर मिरवणारी, आणि पुष्कळदा मूळ कंपनीचे नावही आरंभीच्या पडद्यावरून खरवडून काढलेली, अशी निर्नायकी वस्तू होती. तेव्हा लोहारा तालुक्यातील आमच्या माकणी गावी, ज्या एका घरी तो खेळ होता त्या घरच्या ओसरीवर नंबर लावून बसलेल्या पोरांनी आपल्या अखत्यारीत बारसे उरकले. ‘रॅम्बो मी हाय, तू अर्नोल्ड घे,’ एवढ्यावर वाटणी होई. हरलेल्याने कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारावी आणि रिमोट पुढच्याच्या हवाली करावा, अशी वहिवाट होती. निळ्या विजारीचा तो रॅम्बो आणि लाल विजारीचा तो अर्नोल्ड, हा निवाडा त्या ओसरीपुरता अंतिम होता. आणि आश्चर्य असे की, समुद्रापलीकडचे विद्वानही बहुतांशी तोच निवाडा आजतागायत देत आले आहेत.

वीरांची खरी नावे मला पुढे पुष्कळ वर्षांनी कळली. जपानी कथानकाप्रमाणे हा प्रकार सन २६३३ मध्ये न्यूझीलंडजवळच्या एका कल्पित द्वीपसमूहात घडतो, आणि शत्रूवर चालून जाणारे ते दोघे पृथ्वीच्या सागरी सेनेतील ‘कॉन्ट्रा’ तुकडीचे शिपाई बिल रायझर आणि लान्स बीन होत. अमेरिकन आवृत्तीने भविष्यकाळ काढून टाकून कथा वर्तमानकाळी दक्षिण अमेरिकेच्या अरण्यात नेऊन ठेवली, आणि दोघांना ‘मॅड डॉग’ व ‘स्कॉर्पियन’ ही टोपणनावे चिकटवली. युरोपात तर १९९० मध्ये, जर्मनीतील बालसंरक्षणाच्या कडक नियमांना भिऊन, माणसेच काढून त्यांच्या जागी यंत्रमानव उभे केले आणि खेळाचे नाव ‘प्रोबोटेक्टर’ ठेवले. आमचे टीव्ही युरोपीय पद्धतीचे असूनही आमचा खेळ तैवानच्या चोरवाटेने आला, म्हणून आमच्या वाट्याला निदान हाडामांसाचे वीर आले, हे त्या चोरीचे उपकारच मानले पाहिजेत.

आता मुद्द्याचे सांगतो. या खेळावर टिपण करीत असता मी कागदाच्या डाव्या बाजूस खेळातील नावे आणि उजव्या बाजूस त्या काळच्या परग्रहविषयक चित्रपटांतील नटांची नावे, इंग्रजी स्पेलिंगांचा घोळ नको म्हणून, देवनागरीत लिहून काढली होती. डावीकडे होते बिल रायझर आणि लान्स बीन. उजवीकडे, जेम्स कॅमेरॉनच्या ‘एलियन्स’ या चित्रपटापुढे, होते मायकेल बीन, पॉल रायझर, लान्स हेन्रिक्सन आणि बिल पॅक्सटन. बिल पॅक्सटनचा बिल आणि पॉल रायझरचा रायझर मिळून एक शिपाई झाला; लान्स हेन्रिक्सनचा लान्स आणि मायकेल बीनचा बीन मिळून दुसरा. चार नटांची अर्धी अर्धी नावे घेऊन दोन माणसे घडवली होती, आणि ती जोडकामाची शिवण माझ्या कागदावर उघडी पडली होती. हे साम्य इतर रसिकांच्याही नजरेस आलेले आहे. माझा दावा एवढाच की, रोमन लिपीत ते जितके संशयास्पद दिसते तितकेच देवनागरीत ते निर्विवाद दिसते.

याचे कारण लिपीत आहे. रोमन लिपीत नटाचे रायझर एका स्पेलिंगने लिहितात आणि शिपायाचे रायझर दुसऱ्याच. नटाचे बीन हे जर्मन वळणाचे आडनाव आहे, तर शिपायाचे बीन इंग्रजीत घेवड्याच्या शेंगेला जो शब्द आहे त्याच स्पेलिंगचे. केवळ रोमन अक्षरांवर भिस्त ठेवणारा वाचक म्हणेल की ही आडनावे वेगळी आहेत, आणि प्रकरण दप्तरी दाखल करून टाकील. परंतु नामकरण करणारा गृहस्थ जपानी होता, आणि परकी नावे लिहिण्याची जपानची काताकाना लिपी आपल्या देवनागरीप्रमाणे उच्चारानुसारी आहे. तिच्यात नटाचे रायझर आणि शिपायाचे रायझर, नटाचे बीन आणि शिपायाचे बीन, काना-मात्रेचाही फरक न पडता अगदी एकच होतात. चित्रपटाच्या जपानी जाहिरातीवरून ही नावे काताकानात उतरली असावीत, अर्धी अर्धी जोडली गेली असावीत, आणि पुढे इंग्रजी मजकूर सिद्ध करताना कोणा कारकुनाने ती कानाला लागतील तशी रोमन लिपीत परत फिरवली असावीत. त्या परतीच्या प्रवासात बीनचा घेवडा झाला.

प्रतिपक्षाचे म्हणणे आता ऐकून घेऊ. पहिला पक्ष रॅम्बोचा. कपाळावरची पट्टी, उघडे दंड, अरण्य आणि एकट्याने पलटणीवर चालून जाणे, हे सारे १९८५ सालच्या दुसऱ्या रॅम्बोपटातून आले आहे, असे हा पक्ष म्हणतो, आणि पोशाखापुरते मला ते मान्य आहे. दुसरा पक्ष ‘प्रेडेटर’चा, आणि त्याच्या हाती खेळाच्या खोक्यावरचे चित्र आहे. बॉब वेकलिन या ब्रिटिश चित्रकाराने काढलेल्या त्या चित्रातील शिपायांचे पवित्रे अर्नोल्ड श्वार्झनेगरच्या ‘प्रेडेटर’मधील छायाचित्रांवरून घेतलेले आहेत, हे कोणीही ताडून पाहावे. पण ‘प्रेडेटर’ पडद्यावर आला जून १९८७ मध्ये, आणि खेळ त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत बाजारात होता. लेकराच्या बारशाला बाप जन्मला, असेच ते म्हणणे झाले. खोक्याचे चित्र हा नंतरचा फेरफार आहे. मूळ सातबाऱ्यावर त्या चित्रपटाचे नाव नाही.

तिसरा पक्ष योगायोगाचा, आणि तो सर्वांत चिवट. ‘एलियन्स’ अमेरिकेत जुलै १९८६ मध्ये आणि जपानात त्याच वर्षी ऑगस्टअखेर झळकला, त्यानंतर सहा महिन्यांच्या आत खेळ आला, हे खरे. पण एक गोष्ट दुसरीनंतर घडली म्हणजे पहिलीमुळे घडली असे होत नाही, ही सावधगिरी माकणीच्या माणसाला शिकवावी लागत नाही. आमच्या शिवारात तेरणेवर निम्न तेरणा प्रकल्पाचे धरण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा मुलूख उद्ध्वस्त करणारा भूकंप झाला, तेव्हा या जलाशयाच्या भाराने तो ओढवला असे मानणारा शास्त्रज्ञांचा एक पक्ष आणि ते साफ नाकारणारा दुसरा पक्ष उभा राहिला, आणि तो वाद आमच्या पारांवर व चावडीवर वर्षानुवर्षे चालला. त्या वादातून मी एवढे शिकलो की, केवळ कालक्रमावर विसंबू नये. कारणाचा माग वस्तूच्या अंगावर सापडतो का ते पाहावे.

येथे तो सापडतो. बिल आणि लान्स ही नावे अमेरिकेत पैशाला पासरी मिळतील, हे कबूल. पण ‘बीन’ आणि ‘रायझर’ ही तितकी स्वस्त आडनावे नव्हेत, आणि चारही तुकडे एकाच चित्रपटाच्या एकाच नामावळीत मिळावेत, याला योगायोग म्हणणाऱ्याने योगायोगालाच मुखत्यारपत्र दिले आहे. शिवाय इतर दाखले आहेत. त्याच कोनामीने त्याच १९८७ सालच्या जुलैत ‘मेटल गिअर’ नावाचा खेळ काढला. त्याच्या खोक्यावरील बंदूकधारी पुरुष हा १९८४ च्या ‘टर्मिनेटर’मधील छायाचित्रावरून हुबेहूब उतरवलेला आहे, आणि त्या छायाचित्रातला नट मायकेल बीनच आहे. एकाच कंपनीने एकाच वर्षी एका खेळात ज्याचे आडनाव आणि दुसऱ्यात ज्याचा देह उचलला, त्या नटावर त्या कचेरीत कोणाची तरी विशेष मर्जी बसलेली होती, असे मानण्यास मी मागेपुढे पाहत नाही.

आता खेळाच्या पोटात शिरून पाहा. आठ टप्प्यांपैकी पहिल्या सातांत बहुतेक माणसांशीच झगडा आहे, आणि तेथवर रॅम्बोवाल्यांचे चालू द्यावे. परंतु आठव्यात भिंती मांसाच्या होतात, भिंतीतून एक अजस्र लांबट मस्तक पुढे येऊन मुखातून पिल्ले ओकते, आणि त्यालाही मारून पुढे गेले की धडधडणारे एक हृदय आणि भोवती उकलणारी अंडी दिसतात, ज्यांतून विंचवासारखे जीव बाहेर पडून अंगावर झेप घेतात. ज्याने ‘एलियन’ मालिकेतील अंडी आणि तोंडाला मिठी मारणारा तो जीव पाहिला आहे, त्याला येथे साक्षीपुराव्याची गरज नाही. १९७९ च्या पहिल्या चित्रपटासाठी एच. आर. गिगर या स्विस चित्रकाराने जी सृष्टी निर्मिली, तिचीच ही आठ-बिट रंगांतली नक्कल. हृदय फुटताच वीर हेलिकॉप्टरने निसटतात आणि मागे अवघे बेट उडते. ‘एलियन्स’मध्येही उरलेली मंडळी विमानातून निसटतात आणि मागे अवघी वसाहत उडते. रॅम्बोचा अंगरखा अंगावर आहे, पण हाड गिगरचे आहे.

एक आक्षेप मात्र विचारार्ह आहे. चित्रपटात पॉल रायझरने जो बर्क रंगवला तो शिपाई नाही; कंपनीच्या फायद्यासाठी सोबत्यांचा घात करू पाहणारा तो अधिकारी आहे. असल्या माणसाचे आडनाव वीराला कोण देईल? मला वाटते, नाव ठेवणाऱ्याने पात्रांकडे न पाहता नामावळीतील ध्वनींकडे पाहिले. पण मग त्याच नामावळीत अग्रभागी असलेले सिगर्नी वीव्हरचे नाव त्याला का दिसले नाही? चित्रपटातील राक्षसिणीशी अखेरचा सामना करते ती तिची रिप्ली. पुरुष शिपाई तोवर बहुतेक गारद झालेले असतात. जिने काम फत्ते केले तिला वगळून, तिच्याभोवतीच्या चार पुरुषांची नावे जोडून दोन वीर बनवले गेले, हा या कुळकथेतील खरा अन्याय आहे. त्याचे परिमार्जन व्हायला १९९४ उजाडावे लागले. ‘कॉन्ट्रा : हार्ड कोअर’मध्ये शीना नावाची स्त्री त्या मालिकेत बंदूक घेऊन उतरली.

खेळाच्या नावाविषयीही थोडे सांगितले पाहिजे. निकाराग्वातील ‘कॉन्ट्रा’ बंडखोरांचे प्रकरण नोव्हेंबर १९८६ पासून जगभर गाजत होते, आणि खेळाच्या अखेरच्या संगीताला त्यांच्या शत्रूंचे, ‘सँडिनिस्टा’ हे नाव आहे, तेव्हा नावाचा उगम वर्तमानपत्रांत आहे यात मला शंका नाही. मौज पुढे आहे. जपानी लोकांनी ते नाव तीन चिनी चित्राक्षरांत बसवले : पहिले आत्म्याचे, दुसरे युद्धाच्या अक्षराऐवजी वापरतात ते, आणि तिसरे ‘रा’. हा ‘रा’ म्हणजे बौद्ध ग्रंथांबरोबर गेलेल्या संस्कृत शब्दांतील ‘र’ लिहिण्यासाठी चीनने योजलेले अक्षर. जपानी ‘आशुरा’ म्हणजे आपला असुर, त्याच्या शेवटी तेच अक्षर आहे, आणि राक्षसाच्या आरंभीही तेच. ज्याने ते निवडले त्याला असुराचा भास हवाच होता, असा माझा कयास आहे.

१९९० मध्ये कोनामीने ‘एलियन्स’वर रीतसर परवाना घेऊन खेळ काढला, आणि चोरून आणलेल्या नात्याला कागदावर मान्यता मिळाली. पण कुळाचा शेवटचा धागा १२ फेब्रुवारी २०१३ रोजी जुळला. त्या दिवशी, याच चित्रपटमालिकेवर गिअरबॉक्स कंपनीने रचलेला ‘एलियन्स : कलोनिअल मरीन्स’ हा बंदुकीचा खेळ बाजारात आला, आणि त्यात लान्स हेन्रिक्सन व मायकेल बीन या दोघांनी स्वतः आवाज दिला, म्हणजे ‘लान्स बीन’ या माणसाचे दोन्ही अर्धे अखेर एका खेळात आपल्या खऱ्या नावांनी हजर झाले. खेळ मात्र पडला. त्यातील परग्रहवासी अक्कलशून्य असल्यासारखे भरकटत, अशी ओरड झाली. २०१८ मध्ये बातमी पसरली की, संगणकावरील आवृत्तीच्या एका फायलीत, इंग्रजीत जनावराच्या दाव्याला जो शब्द आहे त्याच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त पडले होते, आणि ते काढताच प्राणी बरेच शहाण्यासारखे वागू लागतात. रोमन स्पेलिंगच्या हयगयीने एकदा दोन वीरांना नवे आडनाव मिळाले आणि एकदा त्यांच्या शत्रूंची मती गेली. रायझर कोण आणि बीन कोण या वादात मी देवनागरीचा जाबजबाब अधिक विश्वसनीय मानतो, त्याचे कारण हेच.