पिवळ्या पानाचा डीफॉल्ट

डंजन्स अँड ड्रॅगन्स म्हणजे टेबलाभोवती बसून, फासे टाकत गोष्ट रचायचा खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो 1974मध्ये अमेरिकेत आणला तेव्हा पहिल्या छपाईत 1000च प्रती होत्या. एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका, हौशी हातांची चित्रं. सगळा मामला घरगुती.

2014च्या पाचव्या आवृत्तीचं 'प्लेयर्स हँडबुक' मात्र थाटाचं: जुन्या चर्मपत्रासारखी पिवळसर पानं, दोन रकाने. पुढे 'होमब्रूअरी' हा ब्राउझरमधला मोफत एडिटर आला. आपण घरी रचलेले नियम मार्कडाउनमध्ये लिहायचे, पान आपोआप हँडबुकसारखं दिसतं. कोरी थीमही आहे, पण डीफॉल्ट हँडबुकचीच.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मला एवढं माहीत आहे की बहुतेक लोक सेटिंग्ज उघडतच नाहीत. डीफॉल्ट ठरवणारा सगळ्यांच्या वतीने ठरवतो. पिवळं पान नवख्याला धीर देतं, हे खरं. पण त्यामुळे प्रत्येकाची कल्पना एकाच कंपनीच्या पुस्तकासारखी दिसू लागते.

जानेवारी 2023मध्ये त्या कंपनीने, विझार्ड्स ऑफ द कोस्टने, जुना खुला परवाना बदलायचा घाट घातला. खेळाडू खवळले. शेवटी 27 तारखेला गाभ्याच्या नियमांचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला झाला. मजकूर खुला झाला. पुस्तकाचं रूप नाही.

म्हणून मी साधी थीम डीफॉल्ट ठेवेन, चर्मपत्र एका क्लिकवर. ज्या खेळाचा जन्मच घरगुती पुस्तिकांत झाला, त्यात घरचं पान घरचंच दिसलं तर बिघडलं कुठे?