सव्वातीनचा उघडा लॅपटॉप

३० सप्टेंबर २०१३, रात्री ९ : सव्वाअठरा तास आधी

सॅन फ्रान्सिस्कोत रात्रीचे नऊ वाजले, वॉशिंग्टनमध्ये मध्यरात्र झाली आणि अमेरिकेच्या केंद्र सरकारचं कामकाज ठप्प झालं. खर्चाच्या मंजुरीवरून संसदेत तोडगा निघाला नव्हता. लाखो सरकारी कर्मचारी दुसऱ्या दिवसापासून घरी बसणार होते. एफबीआयच्या न्यूयॉर्कच्या सायबर पथकातला ख्रिस टारबेल आणि त्याचे सहकारी मात्र काम सोडणार नव्हते. ते सॅन फ्रान्सिस्कोत येऊन ठेपले होते आणि त्यांना एकच माणूस हवा होता.

तो माणूस मोंटेरी बुलेवार्डवर भाड्याच्या खोलीत राहत होता. रॉस उलब्रिक्ट, वय २९, शिक्षण भौतिकशास्त्राचं. उन्हाळ्यात तो ज्या घरात पोटभाडेकरू होता तिथले लोक त्याला जोश म्हणून ओळखत. इंटरनेटवर त्याचं नाव होतं ‘ड्रेड पायरेट रॉबर्ट्स’. २०११ च्या सुरुवातीला उघडलेल्या ‘सिल्क रोड’ या बाजाराचा तो मालक होता. ओळख लपवणाऱ्या ‘टॉर’ या जाळ्याच्या आडोशाने चालणाऱ्या या बाजारात बिटकॉइन मोजून हेरॉइनपासून खोट्या ओळखपत्रांपर्यंत सगळं घरपोच मिळे. पुढे न्यायालयाने धरलेल्या हिशेबात या विक्रीचा आकडा १८ कोटी ३० लाख डॉलरच्या वर गेला.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकतो, कारण मला बोलायचं आहे ते शेवटाबद्दल नाही. सात आरोपांत तो दोषी ठरला. दोन जन्मठेपा आणि वर ४० वर्षं अशी शिक्षा झाली, पॅरोलची सोय नाही. अपील २०१७ साली फेटाळलं गेलं. ते अपील वाचताना मन पुन्हा पुन्हा याच अठरा तासांशी येऊन थांबतं. वकिलांनी मांडलेला जवळजवळ प्रत्येक मुद्दा या तासांत किंवा त्यांच्या जरा आधी जन्मला होता, आणि सव्वातीन वाजता त्या सगळ्यांवर पाणी पडलं.

१ ऑक्टोबर, सकाळ

जारेड डेर-येघियायन हा अंतर्गत सुरक्षा खात्याचा शिकागोचा तपास अधिकारी. गेले दोन महिने तो सिल्क रोडचा नोकर होता. जुलैच्या अखेरीस त्याने तिथल्या एका खऱ्या कर्मचाऱ्याचं ‘सिरस’ नावाचं खातं ताब्यात घेतलं आणि त्याच नावाने तो तक्रारी निस्तरू लागला. आठवड्याला साधारण हजार डॉलरचा पगार बिटकॉइनमध्ये त्याच्या खात्यावर पडायचा. मालकाला याचा पत्ता नव्हता.

आपल्याकडे पोलीस बनावट ग्राहक पाठवतात, पंचांसमोर खुणेच्या नोटा देतात आणि आरोपीला रंगेहाथ धरतात. हाही तसाच सापळा, फक्त इथे बनावट ग्राहकाच्या जागी बनावट नोकर होता. तरी मला या पद्धतीवर मूलतः आक्षेप नाही. त्याने मालकाला गुन्ह्यात ओढलं नाही. मालक आधीच गल्ल्यावर बसलेला होता, हा फक्त शेजारी जाऊन उभा राहिला.

तपास अधिकाऱ्यांना काय हवं होतं, ते नेमकं पाहा. उलब्रिक्ट सापडणं पुरेसं नव्हतं. तो सापडावा, लॅपटॉप त्याच्या हाताखाली असावा, तो उघडा असावा आणि आत ‘ड्रेड’ म्हणून लॉगइन झालेला असावा. डिस्क कुलूपबंद होती. झाकण एकदा मिटलं की आतलं सगळं कदाचित कायमचं गेलं असतं. दार फोडून सशस्त्र तुकडी आत घुसवली असती तर झाकण मिटायला एक सेकंद लागला असता.

दुपारी १२

घरावर नजर होतीच. आणखी एक नजर वायरीतून होती. सप्टेंबरच्या उत्तरार्धात तपास यंत्रणेने न्यायाधीशांकडून पाच आदेश मिळवले होते. त्यांच्या आधारे उलब्रिक्टच्या राउटरवरून कोणत्या आयपी पत्त्यांशी आणि कधी संपर्क होतो, याची नोंद ठेवली जाई. संभाषणातला मजकूर त्यात नव्हता, पण वेळा होत्या. हा घरात ऑनलाइन आला की तिकडे ड्रेड हजर, हा बाहेर पडला की ड्रेड गायब.

अशा आदेशासाठी झडतीच्या वॉरंटइतका पुरावा लागत नाही. अपिलातला पहिला मोठा मुद्दा हाच होता. घरात बसलेला माणूस कधी जागा आहे आणि कधी यंत्रासमोर आहे हे यातून कळतं, मग ही झडती नव्हे तर काय? न्यायमूर्ती जेरार्ड लिंच यांनी लिहिलेल्या निकालपत्रात उत्तर आलं ते १९७९ च्या एका निवाड्याच्या आधारे. तुम्ही कोणते दूरध्वनी क्रमांक फिरवता हे कंपनीला ठाऊकच असतं, म्हणून त्यात खासगी काही उरत नाही, असं तो निवाडा सांगतो. पुढे २२ जून २०१८ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कार्पेंटर खटल्यात मोबाइलच्या ठावठिकाणाच्या नोंदींपुरती याच तर्काला मुरड घातली. सहा दिवसांनी, २८ जूनला, त्याच न्यायालयाने उलब्रिक्टची याचिका ऐकायलाच नकार दिला. सहा दिवस! मला ते दोन निर्णय एकाच आठवड्यातले वाटत नाहीत.

वेळेची नोंद नाही

या घटनाक्रमात दोन माणसं अशी आहेत की त्यांना कोणत्याही तासाखाली बसवता येत नाही. अपिलाचा जीव मात्र त्यांच्यातच अडकला होता.

कार्ल फोर्स हा अमली पदार्थविरोधी खात्याचा अधिकारी. शॉन ब्रिजेस हा सीक्रेट सर्व्हिसचा. दोघं बाल्टिमोरच्या पथकातून सिल्क रोडचा वेगळा तपास करत होते. फोर्सने ‘नॉब’ नावाच्या तस्कराचं सोंग घेऊन ड्रेडशी दोस्ती केली होती, आणि हे त्याचं अधिकृत काम होतं. त्याच्या आडून त्याने दुसरी, चोरटी सोंगंही घेतली. एका नावाने तो ड्रेडला धमकावून खंडणी मागे, दुसऱ्या नावाने पोलिसांच्या तपासाची माहिती त्यालाच विकून सुमारे एक लाख डॉलरचे बिटकॉइन खिशात घाली. जानेवारी २०१३ मध्ये या पथकाने सिल्क रोडचा एक कर्मचारी पकडला. ब्रिजेसने त्या कर्मचाऱ्याच्या अधिकारांचा वापर करून बाजारातल्या खात्यांमधून सुमारे २०,००० बिटकॉइन लांबवले. चोरीचा आळ आला त्या बिचाऱ्या कर्मचाऱ्यावर. ड्रेडने त्याच्या खुनाची सुपारी दिली ती नॉबला, म्हणजे फोर्सलाच. पोलिसांनी खुनाचा देखावा उभा करून फोटो पाठवले.

फोर्सला पुढे साडेसहा वर्षांची, ब्रिजेसला जवळपास सहा वर्षांची कैद झाली, म्हणजे हे सगळं खरंच घडलं होतं.

ज्युरीला मात्र यातलं काही कळलं नाही. फोर्सची चौकशी चालू आहे, हे बचाव पक्षाला समजलं तेव्हा खटला उभा राहायला दोन महिनेही उरले नव्हते, आणि तेही गोपनीयतेच्या अटीवर. वकील जोशुआ ड्रॅटेल यांनी खटला पुढे ढकलावा असं म्हटलं. न्यायाधीश कॅथरिन फॉरेस्ट यांनी ते नाकारलं आणि फोर्सचा विषय ज्युरीसमोर येऊ दिला नाही. ब्रिजेसबद्दल तर निकाल लागून गेल्यावर, मार्च २०१५ च्या अखेरीस दोघांना अटक झाली तेव्हा कळलं.

अपिलात ड्रॅटेल यांचं म्हणणं साधं होतं. तपासातलेच दोन अधिकारी बाजाराच्या आतल्या अधिकारांपर्यंत पोचले होते. त्यांनी तिथे आणखी काय हलवलं, काय पेरलं, हे विचारण्याची संधी तरी मिळायला हवी होती. खंडपीठाने म्हटलं की सरकार पक्षाने फोर्सचा पुरावा वापरलाच नाही, आणि त्याच्या लबाडीमुळे उलब्रिक्ट निर्दोष ठरतो असं काही दिसत नाही.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. आपल्याकडे फौजदारी अपिलात उच्च न्यायालय साक्षीपुरावा मुळापासून पुन्हा तपासू शकतं. अमेरिकेत ते दार बरंच अरुंद आहे. ज्युरीने काय मानायला हवं होतं हा प्रश्न तिथे सहसा विचारत नाहीत. चूक झाली का, आणि झाली असेल तर तिने निकाल बदलला असता का, एवढंच पाहतात. या दुसऱ्या प्रश्नापाशी आलं की प्रत्येक वेळी तो लॅपटॉप आडवा येई. तरीही माझं मत ठाम आहे: बारा माणसांना हे कळायला हवं होतं. उलब्रिक्ट कदाचित दोषीच ठरला असता, पण सगळं ऐकून ठरला असता.

दुपारी २

बाजार चालू होता. मागण्या येत होत्या, पाकिटं टपालात पडत होती. शिक्षेच्या सुनावणीत, २९ मे २०१५ ला, या पाकिटांपैकी काही ज्यांच्या घरी पोचली त्यांचे आईवडील न्यायालयात उभे राहिले. सरकार पक्षाने सहा मृत्यू मांडले होते. उलब्रिक्टच्या अपिलाबद्दल लिहिताना ही माणसं गाळणं मला जमणार नाही. त्याची आई लिन दशकभर मुलासाठी दारोदार फिरली. या आयांना फिरायला कोणतंच दार नव्हतं.

दुपारी पावणेतीन

चॅटच्या यादीतून ड्रेड दिसेनासा झाला. डेर-येघियायन रस्त्यापलीकडे, लॅपटॉपची बॅटरी उतरत चाललेली. सगळ्यांना समजलं, तो घरातून निघाला.

दुपारी ३

पाठीला बॅग लावून तो डायमंड स्ट्रीटवरून चालत आला. वाचनालयाशेजारच्या कॉफीच्या दुकानात डोकावला. आत जागा नव्हती. तो बाहेर आला आणि ग्लेन पार्क वाचनालयाचा जिना चढून वरच्या मजल्यावर गेला. एक टेबल रिकामं होतं, तिथे बसला. वाचनालयाचं इंटरनेट फुकट होतं आणि त्याला टीव्हीवरची एक मुलाखतही उतरवून घ्यायची होती. ‘ब्रेकिंग बॅड’ ही मालिका दोनच दिवसांपूर्वी संपली होती, आणि मुलाखत तिच्या निर्मात्याची होती.

३ वाजून ८ मिनिटं

ड्रेड ऑनलाइन आला. सिरसने हाक मारली आणि वापरकर्त्यांनी लाल निशाण लावलेला एक संदेश जरा बघशील का, असं विचारलं. ही विनंतीच सापळा होती, कारण तो संदेश बघायला ड्रेडला मालकाच्या खात्यातून आत शिरावं लागणार होतं. आत शिरता शिरता ड्रेडने सहज चौकशी केली: माझ्याकडे येण्याआधी तू बिटकॉइनची अदलाबदल करून द्यायचास ना? हा प्रश्न कदाचित ओळख पटवण्यासाठी होता. सिरसने सांभाळून सांगितलं की हो, पण थोडे दिवसच. सरकारी नियमांमुळे सोडून दिलं. उत्तर पटलं. कोणता संदेश, असं ड्रेडने विचारलं.

बाहेर इशारा गेला.

३ वाजून १४ मिनिटं

त्याच्या पाठीमागे एक बाई आणि एक पुरुष येऊन भांडू लागले. बाईचा आवाज चढला. दोघंही एफबीआयचे होते. उलब्रिक्टने मान वळवली. कोणीही वळवली असती. तेवढ्यात दुसऱ्या बाजूने एका हाताने लॅपटॉप टेबलावरून ओढून घेतला.

सव्वातीन

लॅपटॉप एफबीआयच्या थॉम किअर्ननच्या हातात आला. सॅमसंगचा, उघडा. पडद्यावर सिरसशी चाललेलं संभाषण, आणि ‘मास्टरमाइंड’ नावाचं पान, जे फक्त मालकालाच दिसतं. आत १,४४,००० हून अधिक बिटकॉइन, हिशेबाचे तक्ते, साठवलेली संभाषणं आणि एक डायरी.

सव्वा वर्षाने, १३ जानेवारी २०१५ ला, ड्रॅटेल ज्युरीसमोर उभे राहिले आणि त्यांनी कबूल केलं की हा बाजार उलब्रिक्टनेच सुरू केला. नंतर त्याने तो सोडला आणि शेवटी पोलिसांच्या हाती लागायला त्याला परत ओढलं गेलं, एवढंच म्हणायला वाव होता. सव्वातीनच्या त्या पडद्यानंतर दुसरं काही बोलताच येत नव्हतं. ४ फेब्रुवारीला ज्युरीने काही तासांतच निकाल दिला. शिक्षा ठरवताना न्यायाधीशांनी खुनाच्या पाच सुपाऱ्यांचाही विचार केला. या खटल्यात त्या सुपाऱ्यांचा स्वतंत्र आरोपच नव्हता आणि एकही खून झाल्याचा पुरावा नव्हता. खंडपीठाने लिहिलं की आम्ही कदाचित इतकी शिक्षा दिली नसती, पण देणाऱ्याच्या अधिकारात ती बसते. या वाक्यावर मी नेहमी अडतो. जन्मभराची कैद योग्य वाटत नसेल, तर ती थांबवायला आणखी काय लागतं? अखेर २१ जानेवारी २०२५ ला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी माफी दिली आणि तो अकरा वर्षांनी बाहेर आला. ही माफी अपिलातल्या कोणत्याही प्रश्नाचं उत्तर नव्हती.

पण त्या दुपारी यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. उलब्रिक्टच्या हातांत बेड्या पडल्या. किअर्नन लॅपटॉप घेऊन बसला आणि फोनवर पडद्याचे फोटो काढू लागला. पडदा निजू नये म्हणून मधूनमधून तो माउस हलवत राहिला.