मधल्याची धडक

उज्जैनच्या माधव नगरात आम्ही मराठी घरांतली मुलं कबड्डीला हुतुतूच म्हणायचो. मी कायम बचावात. टाळ्या चढाईवाल्याला, त्याला अडवणाऱ्याच्या वाट्याला फुटलेला गुडघा आणि आईने लावलेली हळद. म्हणून मुंबईच्या बचावपटू विशाल मानेची कारकीर्द मला जवळची वाटते.

१९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनला हा खेळ दाखवला, १९९० मध्ये बीजिंगला एशियाडचं सुवर्ण आलं. तरी पकड करणाऱ्याचं नाव घरोघरी पोचायला २०१४ ची प्रो कबड्डी यावी लागली. माने तेव्हा यू मुम्बा संघात कव्हरला, म्हणजे बचावाच्या मधल्या जागी. पहिल्या अंतिम सामन्यात जयपूरकडून हार. २०१५ मध्ये बंगळुरूला ३६-३० नमवून विजेतेपद. २०१७ मध्ये पाटण्याकडून खेळताना पुन्हा विजेतेपद.

कव्हरचं काम डोळ्यांत भरत नाही. कोपऱ्यातला गडी घोटा धरतो, चढाईवाला मध्यरेषेकडे झेपावतो, आणि त्याच क्षणी कव्हरने छातीने धडक देऊन त्याला रोखायचं किंवा बाजूच्या रेषेबाहेर लोटायचं. क्षणभर आधी हललात तर तुम्हीच बाद. मानेची धडक पाहताना माझा उजवा खांदा आजही आपोआप पुढे येतो.