सिमेंटचा कोटा आणि गरिबाचं घर

जव्हार-मोखाड्यात कारवीच्या कुडाची घरं आजही दिसतात. पक्क्या घराला सिमेंट हवं, आणि 1981 मध्ये त्यावर सरकारी नियंत्रण होतं. तेव्हा मुख्यमंत्री होते बॅ. अ. र. अंतुले, महाराष्ट्राचे आजवरचे एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री. निराधारांसाठी संजय गांधी योजना त्यांनीच आणली. त्याचा मला अभिमान आहे. पण बिल्डरांनी त्यांच्या ट्रस्टला देणग्या द्यायच्या आणि बदल्यात सिमेंट मिळवायचं, असा संबंध न्या. लेंटिन यांनी जानेवारी 1982 च्या निकालात दाखवला. अंतुलेंनी राजीनामा दिला. ‘आपला माणूस’ म्हणून आपण हे झाकू नये. माल मोजका होता. बिल्डरकडे वळलेली गोण रांगेतल्या कुणाच्या तरी भिंतीतून कमी झाली. सत्ता ही अमानत आहे. तिचा हिशेब आपल्या माणसालाही चुकत नाही.