पत्राचे ठाणे कोठे? पॉप, आयमॅप आणि मालवणचा किनारा

ईमेलच्या पेटीसाठी ‘पॉप’ घ्यावा की ‘आयमॅप’, हा प्रश्न बहुधा तांत्रिक सोयीचा समजून हातावेगळा केला जातो. वस्तुतः पत्राचे मूळ ठाणे कोठे मानावे, याविषयीचा तो प्रश्न आहे. आणि दोन्ही प्रोटोकॉलांचा उगम तपासल्यावाचून त्याचा उलगडा होत नाही.

पॉपची पहिली संहिता ऑक्टोबर १९८४ मध्ये निघाली. त्या काळी पत्रे मोठ्या, सदैव चालू असणाऱ्या यंत्रावर येत. टेबलावरील संगणकाने मधूनमधून जोडणी करून ती उचलावी, एवढीच माफक अपेक्षा तीमागे होती. आज प्रचलित असलेली तिसरी आवृत्ती १९८८ ची. तिच्या १९९६ च्या संहितेतही पत्रे उतरवून घेऊन सर्व्हरवरून काढून टाकणे हाच नेहमीचा क्रम धरला आहे. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्ड येथे आयमॅप रचला, तो नेमक्या उलट गृहीतावर: पत्र सर्व्हरवरच राहील, वाचल्याच्या व उत्तर दिल्याच्या खुणाही तेथेच राहतील. पॉप जुना म्हणून मागासलेला, हे प्रचलित मत त्यामुळे टिकत नाही. दोहोंत अंतर अवघ्या दोन वर्षांचे आहे.

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वसामान्यांस खुले केले, तेव्हा ‘शेल’ खातेदार निगमाच्या यंत्रावरच पत्र वाची. अधिक महाग अशा टीसीपी-आयपी खात्यात ते घरच्या संगणकावर उतरविता येई. जोडणी तासांवर मोजली जाई. पॉपच्या प्रसाराचे निम्मे श्रेय, आमच्या मते, या मोजणीलाच द्यावे लागेल.

मालवणच्या किनाऱ्यावर संपर्क तुटणे नवे नाही. पूर्वी पावसाळ्यात मुंबईची आगबोट बंद असे. मे २०२१ च्या तौक्ते वादळात वीजपुरवठा खंडित झाला. यावरून येथे पॉपच योग्य, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु चाकरमान्यांच्या या मुलखात घर एक व बिऱ्हाडे दोन, ही रीत जुनी. तारकर्लीस पर्यटकांना खोल्या देणारे एखादे कुटुंब घ्या. पेटी एक, उघडणारे दोन: एक भाऊ गावी, दुसरा परळला. गावच्या संगणकाने पॉपद्वारे पत्र उचलले की परळला पेटी रिकामी दिसते. सर्व्हरवर प्रत ठेवण्याची सोय आहे खरी, आणि तीच पत्रे पुन्हा उतरू नयेत म्हणून प्रत्येकाला स्थिर ओळख देणारी आज्ञाही १९९४ मध्ये आली. तथापि ‘उत्तर दिले’ ही खूण एका भावाकडून दुसऱ्याकडे जात नाही. एकाच पाहुण्याला मग दोन उत्तरे जातात, किंवा एकही जात नाही.

क्रिस्पिन यांनी १९९४ च्या टिपणात तिसराही मार्ग मांडला होता: प्रत जवळ ठेवावी, जोडणी नसता काम करावे, जोडणी येताच सर्व्हरशी मेळ घालावा. या किनाऱ्याला तोच मानवतो. म्हणून आयमॅप घ्यावा. मात्र संपूर्ण प्रत संगणकावर ठेवण्याची व्यवस्था तपासून घ्यावी, कारण कित्येक फोन अलीकडच्या दिवसांचीच पत्रे ठेवतात.

इतिहासाच्या अभ्यासकाला येथे एक धोका दिसतो. ट्रंकेतील पत्रांना वाळवी लागली तरी काही उरत. आयमॅपमध्ये एका भावाने पेटी साफ केली की दुसऱ्याकडील पत्रेही जातात. जमिनीची व आंब्याच्या व्यवहाराची पत्रे एखाद्या वेगळ्या संगणकावर, सर्व्हरवरील मूळ न काढता, पॉपने उतरवून ठेवणे म्हणून अजूनही उपयोगाचे आहे. त्यात आलेलीच पत्रे मिळतात. पाठविलेल्यांची प्रत निराळी काढावी लागते.