विभागीय भांडारांच्या वास्तू : जतन व स्मरणरंजन

एकाच छताखाली व एकाच व्यवस्थापनाखाली परस्परांहून भिन्न अशा अनेक प्रकारच्या मालाची, प्रत्येक प्रकारासाठी स्वतंत्र विभाग ठेवून, किरकोळ विक्री करणाऱ्या मोठ्या दुकानास विभागीय भांडार म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पॅरिस व न्यूयॉर्क येथे उदयास आलेली ही संस्था विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नागरी जीवनाचे एक प्रमुख केंद्र बनली. त्यानंतरच्या तीन-चार दशकांतच तिचा ऱ्हास झाला. धंदा बंद पडला, तरी त्याच्या अनेक वास्तू उभ्या राहिल्या आणि त्यांच्याभोवती स्मरणरंजनाची एक प्रबळ भावना निर्माण झाली. या भावनेमुळे अनेक इमारती वाचल्या. तथापि काय स्मरावे व काय विसरावे, याची निवडही बव्हंशी तिनेच केली. म्हणून या वास्तूंच्या जतनाचा इतिहास हा केवळ वास्तुकलेचा नव्हे, तर सामाजिक स्मृतीचाही इतिहास ठरतो.

उगम : आरीस्तीद बूसिको (१८१०–७७) हा १८५२ मध्ये पॅरिसमधील ‘बाँ मार्शे’ या दुकानात भागीदार झाला. तेथे त्याने निश्चित किंमत, मुक्त प्रवेश व न आवडलेला माल परत घेणे या तत्त्वांवर व्यापार वाढविला. न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर स्ट्यूअर्ट (१८०३–७६) याने १८४६ मध्येच संगमरवरी दर्शनी भाग असलेले, इटालियन प्रासादाच्या धर्तीचे दुकान उभारले होते. घासाघीस संपुष्टात आल्यामुळे दुकानदार व गिऱ्हाईक यांच्यातील संभाषणाचे महत्त्व घटले. मालानेच आता गिऱ्हाइकाशी बोलावयाचे होते आणि ते काम मुख्यतः वास्तूकडे आले. काही खरेदी न करता आत येऊन हिंडण्याची मुभा असल्याने विस्तीर्ण दालने, रुंद जिने, वरून उजेड घेणारे काचेचे छत व रस्त्यालगतच्या मोठ्या काचखिडक्या यांची आवश्यकता भासू लागली. बिडाचे खांब व पुढे पोलादी सांगाडा यांमुळे जाड भिंतींची गरज उरली नाही, तर उद्वाहक व सरकते जिने यांमुळे वरच्या मजल्यांनाही तळमजल्याइतकेच व्यापारी मोल आले.

या प्रकाराचा परमोत्कर्ष शिकागो व फिलाडेल्फिया येथे आढळतो. लूइस सलिव्हन (१८५६–१९२४) याने शिकागोतील स्टेट रस्त्यावर बांधलेले भांडार (१८९९–१९०४) पुढे ‘कार्सन पिरी स्कॉट’ या नावाने प्रसिद्धीस आले. त्याच्या खालच्या दोन मजल्यांवर बिडाची अत्यंत नाजूक पानाफुलांची नक्षी असून वरचे मजले मात्र साध्या, रुंद खिडक्यांचे आहेत. गिऱ्हाइकाच्या नजरेच्या टप्प्यात अलंकरण व त्यावर निव्वळ उपयुक्तता, असा हा विचारपूर्वक केलेला भेद होय. फिलाडेल्फियात जॉन वॉनामेकर (१८३८–१९२२) याच्यासाठी डॅन्येल बर्नम याने बांधलेल्या भांडाराचे १९११ मध्ये राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांच्या हस्ते उद्‌घाटन झाले. त्याच्या सात मजले उंचीच्या मध्यवर्ती चौकात १९०४ च्या सेंट लूइस प्रदर्शनातून आणलेला प्रचंड ऑर्गन व ब्राँझचा गरुड बसविण्यात आला. ‘गरुडापाशी भेटू’ असे ठरविण्याची त्या शहरात रीतच पडली. खरेदीशी संबंध नसलेल्या अशा सवयींमुळेच या खाजगी इमारतींना सार्वजनिक स्थळांची प्रतिष्ठा प्राप्त झाली.

मध्यशतकातील वास्तू : मोटारगाडीच्या प्रसाराबरोबर भांडाराचे रूप पालटले. लॉस अँजेल्समधील ‘बुलक्स विल्शर’ (१९२९) या मनोऱ्याच्या इमारतीत काचखिडक्यांची मांडणी मोटारीतून जाणाऱ्यांना दिसेल अशी केली होती. मुख्य प्रवेश मात्र मागील बाजूस, गाडीतळाकडून ठेवला होता. त्याच विल्शर रस्त्यावरील ‘मे कंपनी’ भांडाराच्या (१९३९) कोपऱ्यावर सोनेरी कुट्टिमांनी मढविलेला भव्य दंडगोल आहे. धावत्या गाडीतून क्षणभरात ओळखू येईल अशी ती एक खूणच होय. दुसऱ्या महायुद्धानंतर वातानुकूलन व प्रतिदीप्त दिवे सर्वत्र उपलब्ध झाल्याने खिडक्यांची गरजच संपली. ह्यूस्टनमधील ‘फोलीज’ (१९४७) हे भांडार जवळजवळ बिनखिडक्यांचे होते. त्याच्या अंतर्रचनेत रेमंड लोवी (१८९३–१९८६) या औद्योगिक अभिकल्पकाचा सहभाग होता. पॅसाडीनातील ‘बुलक्स’ (१९४७) मध्ये मात्र वक्राकार भिंती, सज्जे व बागा यांच्या योगे उपनगरी निवासस्थानाचा आभास निर्माण केला होता.

याच काळात मुख्य रस्त्यावरील लहान दुकानांनीही आपले दर्शनी भाग बदलले. रंगीत अपारदर्शक काच, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, निऑनची अक्षरे व तिरप्या काचखिडक्या यांनी जुन्या विटांच्या भिंती झाकल्या गेल्या. जतनाच्या दृष्टीने यातून एक अवघड प्रश्न उद्भवला. ही काच काढून खालची एकोणिसाव्या शतकातील भिंत उघडी करावी, की काच हीच इतिहासाचा भाग मानावी? प्रारंभी पहिला पर्याय सर्रास स्वीकारला जाई; परिणामी मध्यशतकातील कितीतरी काम जुने रूप परत आणण्याच्या नावाखाली नष्ट झाले.

ऱ्हास : भांडारांच्या पतनाची बीजे त्यांनी स्वतःच पेरली होती. डिट्रॉइटमधील ‘हडसन्स’ या भांडाराने व्हिक्टर ग्रूएन (१९०३–८०) या व्हिएन्नाहून आलेल्या वास्तुशिल्पज्ञाकरवी शहराबाहेर ‘नॉर्थलँड’ (१९५४) हे खरेदीकेंद्र उभारले. १९५६ मध्ये मिनेसोटातील इडाइना येथे त्याचेच ‘साउथडेल’ हे संपूर्ण बंदिस्त व वातानुकूलित केंद्र सुरू झाले. उपनगरांना युरोपीय शहरासारखा चौक द्यावा, ही ग्रूएनची कल्पना होती. प्रत्यक्षात त्याच्या नमुन्याने शहराच्या मध्यभागातील गिऱ्हाईक बाहेर ओढून नेले. हडसन्सचे डिट्रॉइटमधील मूळ भांडार १९८३ मध्ये बंद पडले व २४ ऑक्टोबर १९९८ रोजी स्फोटकांनी पाडण्यात आले. ज्या नॉर्थलँडने त्याची जागा घेतली, तेही २०१५ मध्ये बंद झाले. सवलतीची दुकाने, भांडारांच्या कंपन्यांचे विलीनीकरण आणि पुढे संगणकजालावरून होणारी विक्री यांनी उरलेसुरले गिऱ्हाईकही हिरावून घेतले.

जतन : न्यूयॉर्कचे पेन्सिल्व्हेनिया रेल्वेस्थानक १९६३ पासून पाडले जाऊ लागल्यानंतर अमेरिकेत जतनाची चळवळ बळावली आणि १९६६ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक जतन कायदा संमत झाला. या कायद्यान्वये ठेवल्या जाणाऱ्या राष्ट्रीय नोंदपटात नाव आले, तरी खाजगी मालकास आपली इमारत स्वखर्चाने पाडण्यास मनाई होत नाही. असे बंधन स्थानिक नगरशासनच घालू शकते. नोंदपटाचे खरे बळ करसवलतीत आहे. १९७६ मध्ये सुरू झालेल्या सवलतींना १९८१ मध्ये ऐतिहासिक इमारतींच्या पुनर्वापरखर्चाच्या २५ टक्के वजावटीचे रूप आले. १९८६ मध्ये ती २० टक्क्यांवर आणण्यात आली. ओस पडलेल्या कित्येक भांडारांची निवासस्थाने, कार्यालये व खाणावळी झाल्या, त्यांमागे भावनेइतकेच हे गणितही होते.

व्यापारी वास्तूंकडे अभ्यासविषय म्हणून पाहण्यास १९७७ मध्ये स्थापन झालेल्या व्यापारी पुरातत्त्व संस्थेने चालना दिली. भोजनगृहे, पेट्रोलपंप, निऑनच्या पाट्या व दुकानांचे दर्शनी भाग यांचा अभ्यास व जतन हे तिचे क्षेत्र होय. राष्ट्रीय उद्यान सेवेने १९८२ मध्ये दुकानांच्या दर्शनी भागांवर व १९८४ मध्ये रंगीत काचेवर मार्गदर्शिका प्रसिद्ध केल्या. पूर्वी जे कुरूप आवरण म्हणून फेकले जाई, ते आता दुरुस्तीयोग्य मानले जाऊ लागले.

पुनर्वापराची उदाहरणे भिन्नभिन्न प्रकारची आहेत. बुलक्स विल्शर १९९३ मध्ये बंद झाल्यावर पुढील वर्षी एका विधी महाविद्यालयाने ती इमारत घेतली व तिचे कलात्मक अंतरंग काळजीपूर्वक राखले. मे कंपनीच्या इमारतीत २०२१ मध्ये चित्रपटविषयक संग्रहालय सुरू झाले. मात्र तिचा १९४६ मधील वाढीव भाग पाडून त्या जागी नवे गोलाकार नाट्यगृह उभारण्यात आले. सलिव्हनच्या इमारतीतील भांडार २००७ मध्ये बंद पडले व २०१२ मध्ये तेथे ‘टार्गेट’ या सवलतीच्या दुकानाने जागा घेतली. याउलट फोलीजची इमारत २०१३ मध्ये पाडण्यात आली. अलंकृत इमारतीविषयी सहज आपुलकी वाटते, बिनखिडक्यांच्या मोठ्या पेटीविषयी ती वाटत नाही. त्यामुळे मध्यशतकाची खास निर्मिती असलेली भांडारेच अधिक असुरक्षित ठरली.

इमारत टिकली म्हणजे स्मृती टिकतेच असे नाही. शिकागोतील ‘मार्शल फील्ड’ या भांडाराचे नाव २००६ मध्ये बदलून ‘मेसीज’ करण्यात आले. तेव्हा घड्याळे, छत व दालने यांपैकी काहीही हलले नव्हते. तरीही नागरिकांनी निदर्शने केली. वॉनामेकरच्या इमारतीने मूळ नाव गेल्यानंतर एकामागून एक मालक पाहिले व मार्च २०२५ मध्ये तेथील मेसीज भांडारही बंद झाले. ऑर्गन, गरुड व चौक जागेवर राहिले. परंतु रोजच्या खरेदीच्या निमित्ताने सहज आत येणारा माणूस हा त्या चौकाचा खरा आशय होता. तो कोणत्याही नोंदपटात नोंदविता येत नाही.

स्मरणाची मर्यादा : या भांडारांच्या आठवणींत नाताळची रोषणाई, आईचा हात धरून केलेली खरेदी व उपाहारगृहातील जेवण यांचे वर्णन वारंवार येते. परंतु मुक्त प्रवेशाचे मूळ तत्त्व सर्वांना सारखे लागू नव्हते. दक्षिणेकडील बहुसंख्य भांडारे कृष्णवर्णीयांचे पैसे स्वीकारीत; मात्र त्यांना उपाहारगृहात बसू देत नसत, पुष्कळदा कपडे अंगावर घालून पाहू देत नसत आणि विक्रेत्याच्या जागीही नेमीत नसत. माँगमरी येथे १ डिसेंबर १९५५ रोजी बसमधील जागा सोडण्यास नकार देणाऱ्या रोझा पार्क्स या ‘माँगमरी फेअर’ नामक भांडारात शिवणकाम करीत. अटलांटातील ‘रिचेस’ भांडाराच्या काचेच्या पुलावर १९४८ पासून नाताळचा प्रचंड वृक्ष उजळला जाई व तो पाहण्यास सारे शहर लोटे. त्याच भांडारात १९ ऑक्टोबर १९६० रोजी विद्यार्थ्यांसमवेत धरणे धरल्याबद्दल मार्टिन ल्यूथर किंग यांस अटक झाली. वृक्षाची आठवण व अटकेची आठवण या एकाच वास्तूच्या आहेत. ह्यूस्टनमध्ये ऑगस्ट १९६० मध्ये फोलीजसह अनेक दुकानांनी उपाहारगृहांतील वर्णभेद वृत्तपत्रांत गाजावाजा न होऊ देता संपविला. पुढे इमारत पडली, तेव्हा त्या शांत बदलाची जागाही नाहीशी झाली.

या बाबतीत ग्रीन्झबरो येथील ‘वुलवर्थ’चे उदाहरण वेगळे आहे. हे विभागीय भांडार नसून स्वस्त वस्तूंचे साखळी दुकान होते. १ फेब्रुवारी १९६० रोजी चार कृष्णवर्णीय विद्यार्थी तेथील गोऱ्यांसाठी राखीव उपाहारफळीवर बसले. २५ जुलै १९६० रोजी तेथील भेदभाव संपला आणि बरोबर पन्नास वर्षांनी, १ फेब्रुवारी २०१० रोजी, त्या इमारतीत नागरी हक्कविषयक संग्रहालय उघडण्यात आले. वास्तुकलेच्या दृष्टीने सामान्य असलेली ही इमारत तेथे घडलेल्या घटनेसाठी राखली गेली. सौंदर्य किंवा वय याखेरीज संघर्ष हाही जतनाचा आधार होऊ शकतो, हे तिने दाखवून दिले.

मुंबईतील संदर्भ : ब्रिटिश अंमलात याच संस्थेची रोपटी भारतातही लागली. ‘व्हाइटअवे, लेडलॉ’ या कंपनीचे भांडार मुंबईत तत्कालीन हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नवरोजी मार्गावर, होते. ‘आर्मी अँड नेव्ही’ भांडाराची इमारत काळा घोडा परिसरात आहे. विलायती मालासाठी प्रसिद्ध असलेल्या व्हाइटअवे, लेडलॉच्या इमारतीत पुढे खादी भांडार आले. दगड तेच राहिले, अर्थ मात्र पूर्णतः उलटला. १९९५ मध्ये मुंबईत वारसा-नियमावली लागू झाली. त्यानंतर दादाभाई नवरोजी मार्गावर दुकानांच्या पाट्या इमारतींच्या कमानींशी सुसंगत करण्याचा जो उपक्रम झाला, त्याची २००४ मध्ये युनेस्कोने सन्मानपूर्वक दखल घेतली. तेथे दुकाने न हलविता, व्यवहार चालू ठेवून जतन साधले गेले, हे विशेष होय.

व्यापारी वास्तू मुळात बदलासाठीच बांधलेली असते. नवा हंगाम, नवा माल व नवे गिऱ्हाईक यांप्रमाणे ती रूप पालटते. तिला एखाद्या क्षणी गोठविणे हे तिच्या स्वभावाविरुद्ध जाते आणि तिला पाडून टाकणे म्हणजे एका काळाची साक्ष पुसणे ठरते. म्हणून अशा वास्तूचे योग्य जतन तिच्या दर्शनी भागाच्या दुरुस्तीने पूर्ण होत नाही. ती लोकांच्या नित्य वापरात राहणे जसे आवश्यक आहे, तसेच तिच्या दारातून कोणास आत घेतले जाई, कोणास बाहेर ठेवले जाई व आत कोण राबत असे, याची नोंदही तेथेच वाचावयास मिळणे आवश्यक आहे. स्मरणरंजनाने वाचविलेल्या इमारतीला ऐतिहासिक साधनाचे मोल प्राप्त होते ते अशा नोंदीमुळेच.