समोरच्याचा विमा कुणाकडे?

मोटार वाहन कायदा १९३९चा, पण त्यातली थर्ड पार्टी विम्याची सक्ती लागू झाली १ जुलै १९४६ला. तोवर गाडीने उडवलं, तर भरपाई मालकाच्या ऐपतीवर. पण जखमीला विमा कंपनी कळणार कशी? म्हणून दावा करणाऱ्याने विचारलं, तर विम्याची माहिती देणं कायद्याने मालकावर बंधनकारक केलं. १९८८च्या कायद्याच्या कलम १६०नुसार पोलीस ठाणं किंवा आरटीओने फी घेऊन गाडीचे तपशील द्यायचे. म्हणजे खेटे आलेच! आता नंबरवरून विमा ऑनलाइन शोधता येतो; आमच्या भाषेत, नंबर प्लेट ही प्रायमरी की. नंबर न दिसताच गाडी पळाली तर? मृत्यूसाठी सरकारी योजनेतून २ लाख रुपये. १ एप्रिल २०२२पूर्वी ते २५ हजार होते.